पिंजरा क्रमांक चार

रोज सकाळी सव्वासातला
मी पांढऱ्या उंदरांच्या लेंड्या तपासतो.
घट्ट तर शून्य, सैल तर एक,
पातळ तर दोन, रक्त दिसलं तर तीन.
अमरावती रोडवरच्या फार्मसी कॉलेजच्या मागे,
जिथे मार्चमध्येच कूलर लागतो,
आधी उंदरांना, मग साहेबांना,
मग आम्हाला.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर
एक तक्ता आहे, त्याला पिंजऱ्याचा नंबर नाही.
सोमवार: तीन. मंगळवार: तीन.
बुधवारी साळ्याच्या घरी सावजी होतं,
मी दहीभात खाल्ला: तरी दोन.
सगळे म्हणाले, काय बे भोजराज, बिमार आहे का?
म्हटलं, नाही, उपास.

निकहत मॅडम कुड्यावर पीएचडी करून राहिल्या.
इतवारीतून साल मीच आणतो.
पांढरा कुडा, काळा नाही, त्या बजावतात,
काळा दिसायला तसाच, पण फसवतो.
दुकानदार जिभेवर ठेवायला देतो.
इतकं कडू, की कानामागे घाम येतो.
बेलाचा गर दुसऱ्या पिंजऱ्याला,
सालईचा डिंक तिसऱ्याला.
सालई तर आमच्या मनसरच्या टेकडीवरची.
कागदासारखी तिची साल सोलून
आम्ही शाळेत चिठ्ठ्या लिहायचो,
डिंक देवापुढे जाळायचो.
देव बरा होता. त्याला पोट नव्हतं.

सोमवारी मॅडम उंदरांना ॲसिड देतात.
खोलीभर लोणच्याच्या बरणीसारखा वास.
मंगळवारी ते पाठ वाकवून बसतात,
अंगावरचे केस उभे,
आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही,
कारण मीही तसाच बसतो, पहाटे चारला,
संडासाच्या बाहेर, पायरीवर,
परत जायचंच आहे तर खाटेपर्यंत कशाला जा.

उन्हाळ्यात गोळ्या बंद केल्या. मीच.
काढा चंचूपात्राच्या तळाशी उरायचा, फेकायचा माल.
उंदराच्या वजनाचा हिशेब
त्रैराशिकाने स्वतःवर मांडला.
चार दिवस एक आला. एक!
बायकोला सांगितलं नाही, नजर लागते.
पाचव्या दिवशी मोजणंच सोडलं.
मग मेडिकलचा वॉर्ड, नऊ दिवस,
दोन बाटल्या रक्त, कोणाचं माहीत नाही.

मॅडम भेटायला आल्या. रागावतील वाटलं.
स्टुलावर बसून बराच वेळ
सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, भोजराजभाऊ,
उंदराचा आजार मी सोमवारी देते
आणि शनिवारी संपवते.
तुमचा मी दिलेला नाही.

शनिवारी आतडं पट्टीवर ठेवतात.
सुजलेलं आतडं आखडतं, हे मी शिकलो.
सात सेंटीमीटर, साडेसात, आठ.
मॅडम बोलतात, मी लिहितो.
प्रबंधात शेवटी एक शब्द येणार आहे: आश्वासक.
मला विचारलं, कसा वाटतो?
चांगला आहे, म्हटलं. डॉक्टर वापरत नाहीत हा.

आता गोळ्या नेमाने घेतो, नारिंगी,
लघवीसुद्धा नारिंगी होते, या शहरात शोभते.
कुडा चाखत नाही. इतवारीतही
दुकानदाराचा विश्वास धरतो.

चौथा पिंजरा कंट्रोलचा.
त्यांना ॲसिड मिळतं, औषध मिळत नाही,
नुसतं पाणी. कोणीतरी लागतं तसं,
नाहीतर औषधाने काम केलं हे कळणार कसं?
त्यातला एक, शेपटीवर पिवळे दोन पट्टे,
गुरुवारी: शून्य.
मी चष्मा पुसून परत बघितलं. शून्य.
मॅडम म्हणाल्या, होतं असं एखाद्याचं,
आपण सरासरी घेतो.

शुक्रवारी मी त्याचं तूस बदललं.
बदलायचा दिवस नव्हता.